आईची सही

आई नगरसेविका म्हणून निवडून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आमचं शटर वाजलं. शटर म्हणजे तळमजल्यावरची मोठी खोली. तिथं दहा ते एक आईची बालवाडी भरायची, आणि भिंतींवर फळांचे, प्राण्यांचे तक्ते होते. बाहेर मफलर गुंडाळून एक गृहस्थ उभे होते. त्यांना मुलाच्या शाळाप्रवेशासाठी रहिवासी दाखला हवा होता आणि तो लगेच हवा होता, कारण त्यांना पुढं खराडीला ऑफिस गाठायचं होतं. आईनं हात पदराला पुसले, बालवाडीच्या वहीचं पान फाडलं आणि ‘सदर व्यक्ती माझ्या परिचयाची असून’ असं लिहायला घेतलं. त्या गृहस्थांना ती आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होती. तो कागद संपतो न संपतो तोच मागं आणखी चारजण उभे राहिले, आणि त्या दिवशी बालवाडीची मुलं एक तास बाहेरच खेळली.

आम्ही विश्रांतवाडीच्या पलीकडचे, मूळ गावातले. जमिनी गेल्या, बिल्डिंगी आल्या, गाव महापालिकेत आलं, पण घरातली माणसं आपली गावातलीच राहिली. वडिलांचे धाकटे भाऊ आबाकाका वरच्या मजल्यावर राहायचे, आम्ही मधल्या मजल्यावर. माझे वडील, म्हणजे अप्पा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. सरकारी नोकर असल्यामुळं त्यांना राजकारणात पडायची मुभा नव्हती, आणि बोलायची आवडही नव्हती. आई मात्र खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, शिकलेली. लोहगावच्या तळावरून लढाऊ विमान उडालं की आमच्या घरात बोलणं तिथल्या तिथं थांबायचं आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढं सुरू व्हायचं. अजूनही माहेरी गेले की हे आपोआप होतं, आणि माझा नवरा दर वेळी विचारतो, काय झालं, गप्प का झालात सगळे?

निवडणुकीला खरं तर आबाकाकांना उभं राहायचं होतं. दहा वर्षं त्यांनी त्यासाठी लग्नं, मयतं, जागरणं केली होती. सोडत निघाली आणि जागा महिलांसाठी राखीव झाली. काकूनं सरळ सांगितलं, ‘मला स्टेजवर घाम फुटतो, मी न्हाई.’ मग काकांची नजर आईकडं वळली. कुठल्याच पक्षानं तिकीट दिलं नाही, म्हणून आई अपक्ष उभी राहिली. काकांचा हिशेब असा की नाव वहिनीचं, काम आपलं. असं तेव्हा गल्लोगल्ली चालायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. पण आई घरोघर फिरताना प्रत्येक दारात एक वाक्य बोलून आली: ‘मी कुणाच्याच गटात जाणार नाही, तेवढा शब्द देते.’ बालवाडीत येऊन गेलेल्या मुलांच्या आयांनी तो शब्द धरला आणि तिला निवडून दिलं. काकांना वाटलं, ती नुसती प्रचाराची भाषा आहे.

आता सह्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. काकांनी आईच्या नावाची लेटरहेड छापून घेतली, शिक्का करून आणला, आणि दाखल्यांचा पूर आला. शाळाप्रवेश, रेशनकार्ड, गॅस, पासपोर्ट, कुणाला नळजोड, कुणाला शिफारशीचं पत्र. मजकूर सगळा छापील, खाली फक्त सही. आईची सही म्हणजे एक सोहळा असायचा. बाळांना अक्षरं गिरवायला शिकवणारी बाई ती, स्वतःचं नावही गिरवल्यासारखंच लिहायची. एकेक अक्षर गोल, डोक्यावरची रेघ सरळ, मग क्षणभर त्याच्याकडं बघायचं आणि मग पुढचं अक्षर. तिसऱ्या दिवशी तिचं मनगट सुजलं. मी टेबलापाशी बारावीचं फिजिक्स उघडून बसले होते. आई म्हणाली, ‘मंजू, एवढ्या अकरा करून टाक गं, मी कुकर लावते.’

मी केल्या. पहिल्या दोनतीन आईसारख्या गोल काढल्या, पुढच्या भराभर. दुसऱ्या दिवशी अकराच्या तीस झाल्या. मग आबाकाका रोज चारच्या सुमाराला पिवळं फोल्डर घेऊन थेट माझ्याकडंच येऊ लागले. ‘काय सायेब, झाल्या का सह्या?’ असं म्हणायचे. मला ते फार आवडायचं, हे लपवत नाही. वर्गातल्या मैत्रिणी लॉगरिदमच्या तक्त्यांशी झगडत होत्या आणि माझ्या एका फटकाऱ्यानं माणसांना गॅसचं सिलिंडर मिळत होतं. सुरुवातीला मी प्रत्येक कागद वाचायचे. आठवड्यानंतर फक्त खालची रिकामी जागा बघायचे. काकू वरून गरम भाकरी आणि खरडा पाठवायची, एका हातानं भाकरी आणि दुसऱ्या हातानं सह्या असं चालायचं. शाईच्या पॅडचा वास त्या वर्षी माझ्या सगळ्या वह्यांना लागला होता.

याच दिवसांत महापौरपदाचं वारं सुटलं. महापौर लोक निवडत नाहीत, नगरसेवक निवडतात, तेही सभागृहात हात वर करून, हे आमच्या गल्लीत बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या वर्षी कुणाकडंच बहुमत नव्हतं. सगळ्यात मोठ्या गटाला चारपाच डोकी कमी पडत होती आणि बाकीच्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. शेवटी बाकीच्यांनी तोडगा काढला की आपल्यापैकी कुणाचाच महापौर नको, कुठल्याच पक्षाचा नसलेला माणूस उभा करू. तो माणूस म्हणजे ताम्हनकर बाई. शहरातल्या पेठांतून अपक्ष निवडून आलेल्या, चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या एकदा आमच्याकडं रिक्षानं आल्या, बालवाडीतल्या एवढ्याशा खुर्चीवर बसल्या आणि आईला म्हणाल्या, ‘मी मत मागायला आले आहे. त्या बदल्यात माझ्याकडं देण्यासारखं काही नाही. चहा मात्र घेईन.’ आईला त्या तिथंच आवडल्या. तिनं त्यांचा उमेदवारी अर्ज सूचक म्हणून सही करून दिला, स्वतःच्या हातानं, सावकाश.

आबाकाका जिन्यात उभे होते. बाई गेल्यावर खाली आले. ‘वहिनी, त्या पेठंतल्या बाईचं आपल्याला काय करायचं हाय? मोठ्या गटानं पाण्याची लाइन देतो म्हणून सांगितलंय. गावाला धड तासभर पाणी येत न्हाई, अन् तुमचं आपलं तत्त्व.’ आई म्हणाली, ‘भाऊजी, मी दारोदार शब्द दिलाय.’ काका हसले. ‘शब्द काय, सगळेच देत्यात.’ पाण्याचं ते खरंच होतं. पहाटे पाचला नळाला नंबर लावणाऱ्या बायकांना मी रोज बघत होते. काका लबाड होते असं मी आज म्हणणार नाही, त्यांना ती लाइन मनापासून हवी होती. पण त्यांना आईला विचारायची सवय नव्हती.

मतदानाच्या आधी चार दिवस नगरसेवकांची सहल निघाली. हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात वेगळाच बसला आहे. फोडाफोडी होऊ नये म्हणून आपापल्या बाजूच्या लोकांना बसमध्ये घालून गावाबाहेर न्यायचं, मोबाइल काढून घ्यायचे, खाऊपिऊ घालायचं आणि मतदानाच्या दिवशी थेट महापालिकेच्या दारात उतरवायचं, याला सहल म्हणतात. ताम्हनकर बाईंच्या बाजूचे लोकही गेले. आईनं दोन साड्या, औषधाची डबी आणि मुलांसाठी शिवायचे कापडी ससे पिशवीत घातले. मला म्हणाली, ‘अभ्यास कर. अप्पांना डबा दे.’ गाडी कुठं जाणार हे तिलाही सांगितलेलं नव्हतं. आमच्याकडं एक नंबर होता, कुणा व्यवस्थापकाचा. मी फोन केला की तो म्हणायचा, ‘ताई जेवायला बसल्यात’ किंवा ‘ताई सगळ्यांबरोबर धरण बघायला गेल्यात.’ चार दिवसांत आईचा आवाज एकदाही ऐकू आला नाही. अप्पा कारखान्यातून आले की आधी माझ्या तोंडाकडं बघायचे, मग चपला काढायचे. भात मी लावायचे आणि तो रोज चिकट व्हायचा.

सहलीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं माणसं आली आणि आमच्या शटरवर एक कागद चिकटवून त्याचा फोटो काढून गेली. मी पुस्तक हातात धरूनच खाली आले. वर आईचं नाव, खाली मोठ्या गटाचं नाव, आणि मजकूर असा की गटाच्या सदस्य या नात्यानं आपण गटाच्या अधिकृत उमेदवारालाच मतदान करावे, अन्यथा आपले सदस्यत्व रद्द होण्यास पात्र राहील. मला वाटलं, चुकून आमच्या दारावर लागला. तेवढ्यात काका आले. त्यांनी कागद शांतपणे वाचला, जणू पेपरातली जाहिरात.

‘काका, आई तर अपक्ष आहे. तिला हे कसं सांगतात?’

‘आता न्हाई अपक्ष. गटात नाव नोंदवलंय तिचं. एकदा नोंदलं की गटाचा हुकूम पाळायला लागतो. न्हाई पाळला तर पद जातंय.’ त्यांनी खिशातून घडी केलेली झेरॉक्स काढली. ‘ही बघ. सही हाय.’

गटनोंदणीचा अर्ज होता तो. खाली आईचं नाव होतं आणि त्याखाली एक रेघ, एका झटक्यात डावीकडून उजवीकडं ओढलेली, शेवटी जराशी वर गेलेली. आई सहीखाली रेघ कधीच ओढत नाही. ती रेघ माझी होती. तीस सह्या झाल्या की हात आपोआप तसा वळायचा. माझे कान गरम झाले. हा कागद कुठल्या दिवशी, कुठल्या दाखल्यांच्या मध्ये माझ्या हाताखालून गेला, मी त्या वेळी भाकरी खात होते का, काही म्हणजे काही आठवेना. मी काकांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, झेरॉक्सची घडी घालत होते. ‘आता वहिनीला आपल्याकडंच यावं लागंल,’ ते म्हणाले. ‘तुझ्या आईच्या भल्याचंच हाय ते. तू कशाला तोंड बारीक करती?’

तो उरलेला दिवस आणि त्याच्या पुढचा अख्खा दिवस मी कुणालाच काही बोलले नाही. आज माझी लेक बारावीला आहे आणि तिनं काही लपवलं की मी तिला मोठ्या तोंडानं ऐकवते, खरं बोललं की सुटतं माणूस. बोलणाऱ्याचं काय जातं. मी त्या दीड दिवसात तीच तीच गणितं मांडत होते. सांगितलं तर आई काय म्हणेल, नाही सांगितलं तर ती सभागृहात हात वर करेल आणि तिला कळणारही नाही की आपण कशावर पाणी सोडतोय. कारण तो कागद आमच्या दारावर होता आणि आई कुठल्यातरी धरणाच्या काठी ससे शिवत होती. मी तीन वेळा त्या व्यवस्थापकाला फोन केला. निरोप द्या म्हटलं. काय निरोप, असं त्यानं विचारलं, आणि मला तोंडातून शब्द काढता येईना. कारण त्याला सांगायचं म्हणजे सगळ्यांना सांगायचं. रसायनशास्त्राचा पेपर दोन दिवसांवर होता आणि मी एकच पान उघडून बसले होते.

मतदानाच्या दिवशी सकाळी अप्पा कामावर निघायला बूट घालत होते. कारखान्याचा पहिला भोंगा होऊन गेला होता. मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं, अकरा सह्यांपासून रेघेपर्यंत. अप्पा ऐकत राहिले. मधे विमान गेलं तेव्हा मी थांबले, मग पुढं सांगितलं. त्यांनी एका बुटाची नाडी बांधली होती, दुसरी बांधली. मग खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली. ‘चल,’ म्हणाले. न कळवता दांडी मारलेली मी त्यांची ही एकच पाहिली.

महापालिकेसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या गटाचे लोक ढोलताशाचं पथक घेऊन सकाळपासूनच तयार होते. ढोल पोटाला बांधलेली पोरं ऊन चुकवत भिंतीला टेकून उभी होती. फेट्यांचे रंग बघून कोण कुठला ते कळत होतं. आमच्या बाजूची बस आली तेव्हा आधी ताम्हनकर बाई उतरल्या, नेहमीच्या सुती साडीत. कुणीतरी त्यांना विचारलं, ‘बाई, तुमचं पथक कुठंय?’ बाई म्हणाल्या, ‘मुलांच्या परीक्षा चालू आहेत. निवडून आले तर काम करायचं आहे, वरात काढायची नाही.’ त्यांच्यामागून आई उतरली. डोक्याला पांढरा फेटा बांधलेला, तो तिच्या कानावर आला होता. मी अप्पांचा हात सोडून गर्दीत घुसले. एका पोलिसानं अडवलं, आईनं पाहिलं आणि म्हणाली, ‘माझी मुलगी आहे, येऊ द्या.’

जिन्याच्या वळणावर, लोक खांद्याला खांदा घासून वर जात असताना, मी तिच्या कानात सांगितलं. तीन वाक्यांत झालं. दीड दिवस जे दाबून ठेवलं होतं ते एवढंसं होतं. आईचा चेहरा एकदम ओढल्यासारखा झाला. तिनं विचारलं, ‘वाचला नव्हतास ना तो कागद?’ मी मान हलवली. ‘आणि भाऊजींनी आणला होता?’ मी पुन्हा मान हलवली. वरून कुणीतरी ‘ताई, चला, घंटा होईल’ म्हणून हाक मारली. आईनं फेटा काढून पुन्हा नीट बसवला. ‘अप्पांजवळ जाऊन उभी राहा,’ म्हणाली, ‘उन्हात नको, झाडाखाली.’ आणि वर गेली. ती काय करणार, हे तिच्या पाठीकडं बघून मला अजिबात कळलं नाही.

आम्ही झाडाखाली उभे राहिलो. आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. अप्पा म्हणाले, ‘त्या पोरांकडं बघ.’ पथकाची पोरं एव्हाना सरळ उभी राहिली होती, टिपऱ्या वर करून, आणि त्यांचा म्होरक्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीकडं डोळे लावून होता. खिडकीतून इशारा आला की ढोल वाजणार होते. ढोल वाजले की आईनं हुकूम पाळला असं समजायचं, नाहीतर दुसरं. मला नक्की काय हवं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. ढोल वाजावेत, आईचं पद राहावं, माझी सही कुणाला कळू नये, असं मनात येत होतं, आणि लगेच त्याची लाजही वाटत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एका पोराचा हात दुखून खाली आला तसा म्होरक्या त्याच्यावर खेकसला. मग खिडकीत एक माणूस आला, त्यानं खाली पाहिलं आणि नुसता हात आडवा हलवला. पोरांनी एकेक करून ढोल पोटावरून सोडले. अख्ख्या आवारात काही वाजलं नाही. ‘आल्या बाई,’ अप्पा म्हणाले. ताम्हनकर बाई दोन मतांनी निवडून आल्या होत्या. आईचं मत तिकडं गेलं असतं तर दोन्हीकडं सारखी झाली असती आणि चिठ्ठी टाकावी लागली असती.

पुढं व्हायचं ते झालं. मोठ्या गटानं आईचं पद रद्द करा म्हणून विभागीय आयुक्तांकडं अर्ज केला आणि सुनावणीची नोटीस आली. आमच्या वकिलांना ती वाचून हसू आलं. त्यांनी अर्जावरची सही आणि आईनं सूचक म्हणून केलेली सही शेजारी ठेवली. ‘ताई, लहान मूलसुद्धा सांगेल, ही तुमची नाही. तुम्ही एवढंच म्हणायचं, ही सही माझी नाही. पुढचं मी बघतो.’ आई म्हणाली, ‘आणि कुणाची आहे असं विचारलं तर?’ वकील म्हणाले, ‘ते त्यांनी शोधावं.’ मी दारातच उभी होते. म्हणाले, ‘मी सांगते जाऊन, मी केली म्हणून.’ आईनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ‘सह्या कर म्हणून तुला मी सांगितलं होतं,’ ती म्हणाली.

ताम्हनकर बाई सुनावणीच्या आधी येऊन गेल्या. महापौरांची गाडी त्यांनी कोपऱ्यावर उभी केली आणि चालत आल्या, पुन्हा त्याच एवढ्याशा खुर्चीवर बसल्या. आईनं त्यांना सगळं खरं सांगितलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. ‘हिचं वय?’ ‘अठराला दोन महिने कमी.’ ‘मग हिला काही होणार नाही. सांगून टाका आणि मोकळ्या व्हा.’ आई म्हणाली, ‘हिला नाही होणार, बाई. पण त्या दाखल्यांचं काय? शेकड्यांनी दिलेत. त्यावर मुलांचे प्रवेश झालेत, रेशनकार्डं झालीत. एक सही मुलीची निघाली की बाकीच्या कुणाच्या, हे विचारतीलच. त्या आयांना मी काय सांगू? पुन्हा रांगेत उभ्या राहा म्हणू?’ बाईंनी कप खाली ठेवला. ‘तुमचं गणित बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘उत्तर मला आवडलेलं नाही.’

सुनावणीच्या आदल्या दिवशी बालवाडी सुटल्यावर आईनं मला खाली बोलावलं. तिच्या हातात पाटी होती. ‘दाखव,’ म्हणाली, ‘तू माझी सही कशी करतेस.’ मी करून दाखवली. तिनं खाली तशी करून पाहिली, पण हात तिचाच. अक्षरं पुन्हा गोल झाली. ‘आई, थांबायचं नाही मधे. आणि रेघ एका झटक्यात.’ तिनं पुसलं, पुन्हा केली. शेवटी मी मागं बसले आणि तिचं मनगट धरून गिरवून घेतलं, ती पोरांचं धरायची तसं. मनगटाची सूज उतरली होती. दहाबारा वेळा झाल्यावर तिला जमलं. मला तेव्हा रडू आलं आणि मी रडले. आई म्हणाली, ‘रेघ शेवटी वर जाते का गं, की सरळ?’ काका त्या वेळी जिन्यातून खाली येत होते. त्यांनी आत पाहिलं, पाटी पाहिली, आणि तसेच वर गेले. पुढच्या सगळ्या आयुष्यात त्यांनी या विषयावर एक शब्द काढला नाही आणि आईनंही त्यांना जेवायला वाढताना हात कधी आखडला नाही. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटलेलं नाही.

सुनावणीच्या खोलीत मी आणि अप्पा मागच्या बाकावर बसलो. आयुक्तसाहेबांनी दोन्ही कागद समोर ठेवून आईला विचारलं, ‘गटनोंदणीच्या अर्जावरची सही आपली आहे?’

‘हो.’

आमच्या वकिलांनी पेन खाली ठेवलं. साहेबांनी चष्मा पुसला. ‘दोन सह्या वेगळ्या दिसतात. नीट बघून सांगा.’

‘घाईत असले की अशी करते, साहेब.’

‘त्या दिवशी घाई होती?’

‘घाई रोजच असते.’

साहेबांनी तिच्यापुढं कोरा कागद सरकवला आणि तीन वेळा सही करायला सांगितलं. आईनं केली. तिन्ही वेळा न थांबता, तिन्ही वेळा खाली रेघ. साहेबांनी त्या अर्जाशेजारी ठेवून पाहिल्या, मग म्हणाले, ‘ठीक आहे.’ निकाल पुढं टपालानं आला. आईचं नगरसेवकपद गेलं. पण निकाल काय असणार, हे त्या खोलीत सगळ्यांना तेव्हाच कळलं होतं. गल्लीत लोक म्हणाले, बाई शेवटी गटात गेलीच होती, आणि वर शब्द फिरवला. आईनं ते ऐकून घेतलं. पाण्याची लाइन आली ती दुसऱ्याच कुणाच्या कारकिर्दीत. दाखल्यांना मात्र कुणी कधी हात लावला नाही.

परतताना आम्ही तिघं रिक्षात बसलो, आई मधे. पर्णकुटी चौकात सिग्नल लागला. आईनं पर्समधून नोटिशीचं रिकामं पाकीट काढलं, उलटं केलं आणि पेन माझ्या हातात दिलं. ‘सही कर,’ म्हणाली. मला वाटलं, तिला काही तपासायचं असेल. मी तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. ‘ती नव्हे,’ ती म्हणाली. ‘तुझी. तुझ्या नावाची.’ मी ते अक्षर खोडलं आणि पेन टेकवून बसले. आत्तापर्यंत शेकडो सह्या केल्या होत्या, त्यातली एकही माझी नव्हती. माझी सही कशी असते तेच मला माहीत नव्हतं. सिग्नल सुटला, रिक्षा हलू लागली, अक्षर येईना. ‘आई, घरी गेल्यावर करते,’ मी म्हटलं.

‘कर इथंच,’ आई म्हणाली. ‘सावकाश कर. आता मला कसलीच घाई नाही.’